बुश विमानांच्या चाकांतील बेअरिंग

अलास्का हे क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत मोठे राज्य. विस्तार सुमारे सतरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाचपट. लोकसंख्या मात्र साडेसात लाखांच्याही आत. तेथील सुमारे ८० टक्के वस्त्यांपर्यंत मोटाररस्ता गेलेला नाही. राजधानीचे शहर जूनोदेखील उर्वरित राज्याशी रस्त्याने जोडलेले नाही. अशा मुलखात टपाल, औषधे, किराणा, इंधनाचे डबे, आजारी माणूस, खाणीचा अभियंता आणि सुट्टीवर आलेला मासेमार या साऱ्यांची ने-आण करण्याचे काम छोटी विमाने करतात. फेब्रुवारी १९२४ मध्ये कार्ल बेन आयल्सन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅग्रा या गावी विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेवर पंधरा-वीस दिवस लागत, ती त्याने काही तासांत पार केली. अलास्काच्या हवाई दळणवळणाच्या इतिहासात ही घटना आरंभबिंदू मानली जाते.

या विमानांना इंग्रजीत ‘बुश प्लेन’ म्हणतात. यातील ‘बुश’ म्हणजे झाडोऱ्याचा, निर्मनुष्य प्रदेश. आपल्याकडचे मेकॅनिक चाकात जो पितळी ‘बूश’ बसवतात त्याच्याशी त्याचा संबंध नाही. अर्थात प्रस्तुत लेखाचा विषय त्या बूशाच्याच जवळचा आहे. पायपर कंपनीचे १९४९ साली बाजारात आलेले ‘सुपर कब’, सेस्ना कंपनीची ‘१८०’ आणि ‘१८५’ ही विमाने, कॅनडात १९४७ साली प्रथम उडालेले ‘बीव्हर’ ही या वर्गातील नामवंत मंडळी. त्यांतील बहुतेकांचे उत्पादन केव्हाच थांबले. तरीही ती आजही उडत आहेत. त्यांची रचना साधी आहे. दोन मुख्य चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटाखाली.

यांना धावपट्टी लागत नाही, असे सरसकट म्हटले जाते. खरे म्हणजे धावपट्टी लागते, पण ती कोणी बांधलेली नसते. नदीच्या पात्रातील गोट्यांचा दांडा, डोंगराचा सपाट माथा, टुंड्राचे शेवाळी मैदान, समुद्रकाठची ओली वाळू यांपैकी शंभर-दोनशे मीटरची कोणतीही जागा वैमानिक हेरतो आणि तिच्यावर उतरतो. त्यासाठी विमानाला बसवलेले फुगीर, गुळगुळीत, अवाढव्य टायर हे या विमानांचे सर्वांत ठळक लक्षण. छायाचित्रात प्रथम नजरेत भरतात ते टायरच. ३१ इंच व्यासाचा असा टायर ज्या रिंगवर चढतो ती मात्र अवघ्या सहा इंचांची असते. त्यातील हवेचा दाब दहा पौंडांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी ठेवतात. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तीस पौंडांच्या वर हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा टायर गोट्यांवरून कसा लोळत जात असेल याची कल्पना येईल. टायरविषयी वैमानिक तासन्‌तास बोलतात. त्या टायरच्या पोटात, सहा इंची रिंगच्या मध्यभागी बसलेल्या तळहाताएवढ्या पोलादी कड्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. पण ते कडे अडकले तर पुढचे सारेच अडते.

या कड्यांचे नाव टेपर रोलर बेअरिंग. त्याचा जनक हेन्री टिमकेन हा मुळात घोडागाड्या बनवणारा कारागीर. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत सेंट लुईस येथे व्यवसाय केलेला. जड गाडी वळणावर वळते तेव्हा चाकावर वरून येणाऱ्या भाराबरोबरच बाजूने येणारा रेटाही सोसावा लागतो, आणि साध्या बेअरिंगला तो सोसत नाही, हे त्याने हेरले. १८९८ साली त्याने व त्याच्या पुतण्याने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली. घोडागाड्यांचे युग संपत आले होते. बेअरिंग मात्र मोटारी, ट्रक, रेल्वेचे डबे आणि विमाने अशी मजल मारत गेले. आपल्याकडे ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत हेच असते. मेकॅनिक त्याच्या आतल्या भागाला ‘कोन’ आणि बाहेरच्या कड्याला ‘कप’ म्हणतात. आतील शंकूसारख्या कड्याभोवती निमुळते रोलर एका पातळ जाळीत ओवलेले असतात आणि ते वाटीसारख्या उतरत्या कपात बसतात. रोलर तिरके असल्यामुळे वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही एकाच वेळी पेलले जातात. एका चाकात अशी दोन बेअरिंगे समोरासमोर बसवतात. कप चाकात घट्ट ठोकून बसवलेला असतो. कोन मात्र आसावर हाताने सरकवता येतो. बाहेरून खाचांचा एक मोठा नट आणि त्यातून आरपार जाणारी कॉटर पिन. एवढाच सारा संसार.

आता एक हिशेब पाहू. सुपर कबचे पूर्ण भारासह वजन आठशे किलोंच्या आत. म्हणजे एका मुख्य चाकावर चारशे किलो, आणि तेही दोन बेअरिंगांत विभागलेले. प्रत्येक उड्डाणाला जमिनीवरची धाव, उतरतानाची धाव आणि इकडे-तिकडे फिरणे मिळून अर्धा किलोमीटर धरला आणि वर्षाला पाचशे उड्डाणे धरली, तर चाक वर्षभरात अडीचशे किलोमीटर फिरते. मुंबईहून पुण्याला जाऊन परत येण्याइतकेही नव्हे. मालमोटारीच्या चाकात याच जातीची बेअरिंगे याच्या कितीतरी पट अंतर निमूटपणे काटतात. तेव्हा झिजून मरणे हे विमानाच्या बेअरिंगच्या नशिबी सहसा नसते. तरीही ती खराब होतात, आणि वारंवार होतात.

मोठ्या टायरमुळे भार वाढतो हे एक कारण सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. चाक मोठे झाले की त्याची फिरण्याची गती उलट कमी होते. विमान ताशी ६५ किलोमीटर वेगाने जमिनीवर धावत असेल तर साडेसतरा इंची साधे चाक मिनिटाला सुमारे ७७५ फेरे घेते. ३१ इंची चाक ४४०. म्हणजे वेगाच्या दृष्टीने बेअरिंगला आरामच मिळतो. पण विमान तिरपे टेकले किंवा वाऱ्याने बाजूला सरकले की जमिनीकडून येणारा आडवा धक्का टायरच्या त्रिज्येएवढ्या तरफेने बेअरिंगांच्या जोडीला पिरगाळतो. त्रिज्या पावणेदोनपट झाली की तो पीळही पावणेदोनपट होतो, आणि दोन बेअरिंगांमधले अंतर तर होते तेवढेच राहते, कारण रिंग तीच सहा इंची. त्यातून नट थोडा सैल असेल तर चाक डुगडुगते आणि कपाच्या कडेवर रोलर आदळत राहतात. हे सारे मान्य करूनही म्हणावे लागते की बहुतेक खराब बेअरिंगांच्या अंगावर जे वण दिसतात ते धक्क्याचे नसतात, पाण्याचे असतात.

अलास्कातील कितीतरी नद्या हिमनद्यांतून निघतात. हिमनदी खडकावरून सरकताना त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करते आणि ते वितळलेल्या पाण्याबरोबर वाहते. सुसित्ना, कॉपर यांसारख्या नद्यांचे पाणी त्यामुळे राखाडी दिसते. बुश वैमानिक उतरतो तो याच पाण्याच्या काठावर. दांडा आखूड असेल तर काही जण त्याच्याही आधी, पाण्यातच, चाके टेकवतात. वेगात असलेला फुगीर टायर पाण्यावरून घसरत जातो, वेग थोडा मरतो आणि विमान दांड्यावर चढते. ही कसरत पाहायला मोठी देखणी असते. ती करणाऱ्यांच्या कौशल्याविषयी आदर बाळगूनही, चाकाच्या दृष्टीने हा मोठा अत्याचार आहे असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

कारण नंतर घडते ते असे. दांड्यावर ब्रेक लागतात. ब्रेकची तबकडी चाकालाच जोडलेली असल्याने तिची उष्णता मध्यभागापर्यंत पोहोचते आणि दोन बेअरिंगांमधल्या पोकळीतील हवा तापून फुगते, थोडी बाहेर पडते. मग विमान वळून पुन्हा थंडगार पाण्याच्या काठाकाठाने, कधी पाण्यातून, चालते. पोकळीतील हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. जुन्या धाटणीच्या चाकांत सील फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे असते. धूळ अडवायला ते उत्तम. पण पाणी त्यात मुरते आणि ओलावा बेअरिंगच्या अगदी अंगाशी राहतो. अलीकडे ओठासारखी कडा असलेली रबरी सील मिळतात, ती पाणी बरीच अडवतात. तरी हिमनदीचे ते खडकाचे पीठ ग्रीजमध्ये मिसळले की काचकाम करणाऱ्याच्या घासणीसारखे काम करते. रोलरच्या गुळगुळीत पृष्ठाची चकाकी जाते आणि तो मॅट, करडा दिसू लागतो.

पाण्याचे काम त्याहून संथ असते. चाक फिरत असते तोवर ग्रीज सर्वत्र पसरत राहते. विमान उभे राहिले की प्रत्येक रोलर आणि कप यांच्यातील स्पर्शरेषेजवळ ओलावा साचतो आणि गंज धरतो. काही आठवड्यांनी कप पुसून पाहिला तर त्यावर रोलरच्या अंतरांवर, जणू फूटपट्टीने आखल्यासारखे, काळपट आडवे पट्टे दिसतात. नखाला जाणवत नसतील तर ते डाग समजावेत. नखाला अडत असतील तर तो कप संपला. त्या खळग्यावरून रोलर जाताना दर वेळी हलकासा ठोका बसतो, खळग्याच्या कडा तुटतात, पोलादाचे पापुद्रे सुटतात आणि ते ग्रीजमध्ये मिसळून इतर रोलरनाही दळू लागतात. म्हणूनच सर्वाधिक उडणाऱ्या विमानाच्या बेअरिंगपेक्षा दोन नद्या ओलांडून महिनाभर उभ्या राहिलेल्या विमानाचे बेअरिंग अधिक संशयास्पद असते.

बेअरिंग अडकले तर काय होते, हे सांगितल्याशिवाय या साऱ्या काळजीचे कारण कळणार नाही. शेपटाला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. धावताना एका चाकाने अचानक ओढ घेतली की मागचे वजन पुढे जाऊ पाहते आणि विमान त्या चाकाभोवती गर्रकन फिरते. पंखाचे टोक जमिनीला लागते. दोन्ही चाके अडली तर विमान नाकावर उभे राहते किंवा पालथे पडते. शहराजवळच्या विमानतळावर या अपघातात बहुधा पंखा आणि खिसा यांचेच नुकसान होते. सर्वांत जवळचे गाव शंभर किलोमीटरवर, नदी वाढते आहे आणि रात्रीचे तापमान शून्याखाली, अशा ठिकाणी मोडके विमान हा निराळाच प्रसंग असतो.

आता उपायाकडे वळू. तो अगदी साधा आहे: चाक उघडणे, धुणे, पाहणे, ग्रीज भरणे. आपल्याकडे बैलगाडीचा मालक लांबच्या यात्रेला निघण्यापूर्वी तुंब्यात वंगण घालत असे, त्याच जातीचे हे काम. छोट्या विमानांच्या माहितीपुस्तकांत यासाठी उड्डाणतास ठरवून दिलेले असतात. सेस्नाच्या काही विमानांना पहिल्या शंभर तासांनी व पुढे दर पाचशे तासांनी, आणि धुळीच्या किंवा समुद्रकाठच्या प्रदेशात त्याहून लवकर. बुश वैमानिकाने मात्र तास मोजण्यापेक्षा बुड्या मोजाव्यात हे बरे. तरंगत्या पायांना चाके जोडलेल्या उभयचर विमानांत तर पंपाने ताजे ग्रीज आत दाबून जुने ग्रीज पाण्यासकट बाहेर काढण्याची सोय केलेली आढळते.

धुण्यासाठी पेट्रोलियमवर्गीय सॉल्व्हंट वापरतात. धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवताना ते भोवऱ्यासारखे फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. आवाज छान येतो. हा मोह आवरावा. कोरडे रोलर त्या वेगात ओरखडतात आणि जाळी तुटून रोलर गोळीसारखा उडू शकतो. मग भिंग घेऊन पाहणी. आडवे काळे पट्टे पाण्याचे. रोलरच्या अंतरावर उमटलेले पण चकाकी कायम असलेले खळगे आदळण्याचे. पिवळसर ते निळसर झाक उष्णतेची. निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या घरात तापून गेले आणि त्याचा कणखरपणा गेला. जाळी वाकलेली असेल तर ती सरळ करीत बसू नये. कप बदलायचा तर तो छिन्नीने हाणून काढू नये. चाकाचा अर्धा भाग उकळत्या पाण्यात तापवला की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि कप सैल होतो. नवा कप बसवताना तो आधी थंड करतात. ज्योत लावणे वर्ज्य. चाकाच्या मिश्रधातूची ताकद त्याने जाते.

ग्रीजची निवड हा वैमानिकांच्या गप्पांत वादाला तोंड फोडणारा विषय. त्यातील कामाची गोष्ट एवढीच की ग्रीज म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा घट्टकारक पदार्थ. काही ग्रीजमध्ये तो विशिष्ट मातीपासून केलेला असतो, काहींत लिथियमच्या साबणाचा. दोन्ही आपापल्या जागी चांगले. पण एकत्र मिसळले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते. म्हणून ग्रीजचा प्रकार बदलायचा तर जुने पूर्ण धुऊन काढल्यावरच. थंडीचाही विचार करावा लागतो. खनिज तेलाचे एक जुने, पाण्याला चिवट असे विमानी ग्रीज शून्याखाली सुमारे २३ अंशांपर्यंतच वापरण्याजोगे मानले जाते. फेअरबँक्सला हिवाळ्यात पारा उणे ४० वर जातो. तेथे कृत्रिम तेलाचे ग्रीज लागते, जे त्याहून पुष्कळ खालपर्यंत मऊ राहते. भरताना तळहातावर ग्रीजचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जावे. अरुंद बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीज वर येऊ लागले की भरले. पोकळी मात्र ठासून भरू नये. जास्तीचे ग्रीज तापून बाहेर येते ते थेट ब्रेकच्या तबकडीवर, आणि आखूड दांड्यावर ब्रेक निसटणे हे बेअरिंग अडकण्यापेक्षा फारसे बरे नाही.

शेवटी नट. येथे हाताच्या जाणिवेला महत्त्व आहे. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. किंचित ओढ जाणवली की जवळच्या खाचेपर्यंत मागे आणायचा आणि नवी कॉटर पिन घालायची. जास्त आवळला तर बेअरिंग तापते, सैल सोडला तर चाक डुगडुगते. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे.

हे काम कोणी करावे? अमेरिकेच्या हवाई नियमांत, भाग ४३ च्या परिशिष्ट ‘अ’मध्ये, ज्या किरकोळ देखभालीची यादी आहे तीत चाकांची बेअरिंगे साफ करणे व त्यांना ग्रीज लावणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परवानाधारक वैमानिक आपल्या विमानाचे हे काम स्वतः करू शकतो. नोंदवहीत नोंद करून सही करावी लागते. भाड्याने प्रवासी व माल नेणाऱ्या विमानांना मात्र ही सवलत नाही. यादीत साफसफाई व वंगण आहे, कप उपटून नवा बसवणे नाही. ते मेकॅनिकचे काम. ही मर्यादा शहाणपणाची वाटते. आणखी एक मोह भागांचा. बेअरिंगवरील मूळ क्रमांक शेतीच्या अवजारांच्या दुकानातल्या बेअरिंगवरही आढळतो, आणि किंमत तेथे बरीच कमी असते. विमानासाठीच्या बेअरिंगच्या क्रमांकापुढे निराळा संकेतांक असतो. आकार तोच असला तरी तपासणीची आणि कागदपत्रांची साखळी वेगळी असते. प्रमाणित विमानात मंजूर भागच बसवता येतो. घरी जोडलेल्या प्रायोगिक वर्गातील विमानांचे मालक या बाबतीत बरेच मोकळे आहेत.

शेपटाखालच्या चाकाचा उल्लेख मुद्दाम शेवटी राखून ठेवला, कारण प्रत्यक्षातही त्याची पाळी शेवटीच येते. आठ-नऊ इंचांचे हे चाक त्याच ६५ किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला पंधराशेहून अधिक फेरे घेते, आणि पुढच्या दोन चाकांनी उडवलेली रेती व पाणी अंगावर घेत. त्याची बेअरिंगे लहान, सील अरुंद, आणि जागा डोळ्यांआड. मुख्य चाके उघडली त्या दिवशी तेही उघडावे.

वाटेत करण्याजोगी तपासणी मिनिटभराची आहे. उतरल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहावा. ब्रेक दोन्हीकडे सारखे लागले असताना एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम लागली तर चौकशी करावी. तळावर चाक उचलून वरखाली धरून हलवावे, मग फिरवून कान द्यावा. निरोगी बेअरिंगचा आवाज जवळजवळ येत नाही. खळगे पडलेले बेअरिंग जात्यासारखे घरघरते. थंडी सुरू झाली की अनेक विमानांची चाके काढून स्की बसवतात आणि ती चाके वसंतापर्यंत शेडच्या कोपऱ्यात पडून राहतात, उन्हाळाभर आत शिरलेल्या पाण्यासकट. बेअरिंगे धुऊन ताज्या ग्रीजमध्ये ठेवण्याचा खरा मुहूर्त तो. मे महिन्यात चाके पुन्हा चढवताना नव्हे.